पॅड बदलले तरी डिस्क ब्रेक किंचाळतातच: किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीचं काय करायचं?

कातळसडा
छोटी हॅचबॅक, वय १५ वर्षं, ९४ हजार किलोमीटर. पुढे डिस्क, मागे ड्रम. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून ‘कुठली गाडी घ्यावी’ सुरू होईल. गाडी रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत अर्धा किलोमीटर. उघड्यावर उभी असते, वर माडाची झापं.

लक्षणं अशी:
ब्रेक हलका दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक, कानात जाणारी किंचाळी. जोरात दाबला की आवाज बंद. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला वेगळाच खर्र आवाज येतो, पण तो जातो. गाडी तापल्यावर किंचाळी वाढते. पेडल थरथरत नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही. चार महिन्यांपूर्वी पॅड नवे घातले, पंधरा दिवस शांतता, मग पुन्हा तेच. गॅरेजवाले म्हणतात पॅड परत बदला.

बदलू का? की आधी काही तपासायला हवं?

बिनहॉर्न
बदलू नका. आवाज चालू असेपर्यंत हॉर्नचा खर्च वाचतोय.

पाना_नंबर_१४
पॅडच्या डोक्यावर खापर फोडायच्या आधी आवाज कुठल्या जातीचा ते ठरवू. तुमच्याकडे दोन वेगळे आवाज आहेत, त्यांची गल्लत नको.

सकाळचा खर्र आवाज म्हणजे रात्रीतून डिस्कवर चढलेला गंज. डिस्क साध्या बिडाची असते, तिला रंग नाही, मुलामा नाही. दमट खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस थर येतो आणि पॅड जिथे टेकून होता तिथे त्याचा ठसाही उमटतो. पाच-सहा ब्रेकमध्ये तो पुसला जातो. हा दोष नव्हे. त्यासाठी डिस्क बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

किंचाळी हे खरं दुखणं. पॅड आणि डिस्क घासताना पॅड किंचित चिकटतो-सुटतो, चिकटतो-सुटतो, सेकंदाला हजारापेक्षा जास्त वेळा. हे थोडंफार प्रत्येक गाडीत होतं. पॅड आपल्या खाचेत नीट बसलेला आणि पाठीमागे शिम, म्हणजे पातळ पत्री, असलेला असेल तर ती थरथर तिथेच मरते. पॅड सैल, वाकडा किंवा अर्धवट अडकलेला असेल तर अख्खा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, घंटेसारखा वाजतो. जोरात दाबल्यावर पॅड घट्ट धरला जातो म्हणून आवाज थांबतो. तापल्यावर वाढतो आणि नव्या पॅडनंतर पंधरा दिवसांत परत येतो, यावरून माझा संशय पॅडवर नाही. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना आणि पॅड ज्यात बसतात ते ब्रॅकेट, यांच्यावर आहे.

खारा वारा
पाना यांना अनुमोदन. थोडी तपासणीची यादी, चाक न काढता करण्यासारखी:

ब्रेक न दाबता चालत्या गाडीत चीं चीं येते आणि दाबल्यावर जाते किंवा बदलते? मग पॅडची झीज-पट्टी बघा. पॅडला एक वाकडी पत्र्याची जीभ असते. अस्तर २-३ मिमीवर आलं की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते. नवीन पॅडचं अस्तर साधारण १० मिमी असतं, तेव्हा चार महिन्यांत ही वेळ यायला नको. आली असेल तर काहीतरी जाम आहे.

ब्रेकशी संबंध नसलेला, चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारा खरखर आवाज? डिस्कच्या मागचं पत्र्याचं झाकण वाकलंय किंवा झाकण आणि डिस्क यांच्यात खडा अडकलाय. आपल्याकडे चिऱ्याची खडी फार अडकते. लांब स्क्रू ड्रायव्हरने झाकण जरा मागे रेटायचं. जुन्या गाडीत ते झाकण गंजून चाळण झालेलं असतं, जपून रेटा, हातात येतं.

वळणावर कमी-जास्त होणारा घूं आवाज असेल तर बेअरिंग. तो विषय वेगळा.

फक्त रिव्हर्समध्ये आवाज? पॅडच्या क्लिपा नाहीत किंवा सैल आहेत. मागचे ड्रमही बघा. पावसाळ्यात सकाळी रिव्हर्स घेताना म्हशीसारखं हंबरणारं चाक बहुतेक वेळा मागचं असतं आणि खापर पुढच्या डिस्कवर फुटतं.

डोंगरउतार
हातात असेल तर साधा तापमानमापक वापरा, लाल ठिपक्याचा बंदूकवाला. आठ-दहा किलोमीटर नेहमीसारखी चालवून थांबा आणि लगेच दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान घ्या. दोन्ही जवळपास सारखी हवीत. डावी उजवीपेक्षा ४०-५० अंशांनी गरम असेल तर डावा ब्रेक सुटत नाहीये. मापक नसेल तर चाकाच्या नटांजवळ हात नेऊन धग बघा. डिस्कला बोट लावू नका. दीडशे अंश सहज असतात.

कातळसडा
मापक मिळाला शेजारी. डावी १३८, उजवी ७९. सपाट रस्ता, ९ किलोमीटर.

पाना_नंबर_१४
झालं मग निदान अर्धं. डावा अडकतोय. आता उघडल्याशिवाय पुढे नाही.

शंकेखोर
थांबा जरा. डावा अडकतोय हे खरं, पण त्यामुळेच किंचाळतो हे कशावरून? पॅडचं मटेरियलही असू शकतं. सेमी-मेटॅलिक पॅड, म्हणजे ज्यात लोखंडाचे तंतू असतात ते, मुळातच जास्त बोलतात. ऑरगॅनिक शांत असतात पण लवकर झिजतात, सिरॅमिक शांत आणि महाग. स्वस्तातले सेमी-मेटॅलिक घातले असतील तर सगळं साफ करूनही थोडा आवाज राहणारच.

पाना_नंबर_१४
@शंकेखोर, मुद्दा बरोबर. पण मग दोन्ही चाकं किंचाळली असती. पॅड दोन्हीकडे एकाच खोक्यातले आहेत ना.

शंकेखोर
हे मान्य.

भिरंड
मेल्यांनो, इतक्या ल्हिवन दमलात नाय? पॅड बदलून काय होवचा नाय, पिन बघ आधी. पिनीक मुठेल लाव, म्हातारेची पावलां नरम होतत तर पिन कित्या नाय होवची!

खारा वारा
भिरंडशेठ, लोक खरंच लावतील हो! मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, भेगांसाठी, ब्रेकसाठी नाही. खोबरेल नाही, डिझेल नाही, आणि तो सगळ्या दुखण्यांवरचा गंज सोडवायचा स्प्रे तर पॅड-डिस्कवर अजिबात नाही. पॅडने तेल प्यायलं की तो पॅड गेला. काही जण पेट्रोल टाकून पेटवतात, ‘तेल जळून जातं’ म्हणून. वरचं जळतं, आतलं गरम झालं की पुन्हा वर येतं, आणि अस्तराचा बांधणारा राळ जळतो तो वेगळाच.

पाना_नंबर_१४
आता काम. सविस्तर लिहितो, कारण नेमकं हेच कोणी करत नाही. गॅरेजात गर्दीच्या दिवशी वीस मिनिटांत जुने पॅड बाहेर, नवे आत, आणि गाडी रस्त्यावर. ब्रॅकेटला हातही लागत नाही.

गाडी सपाट आणि टणक जागी. पावसाळ्यात मातीच्या अंगणात जॅक रुततो, खाली जाड फळी घ्या. हापूसच्या पेटीची फळी नको, ती मोडते. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. नट गाडी खाली असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक, मग जॅकशिवाय दुसरा आधार म्हणून घोडी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

स्टिअरिंग काम करायच्या बाजूला वळवा. कॅलिपरच्या मागे वर-खाली दोन पिन-बोल्ट असतात, बहुतेक छोट्या गाड्यांत १२ किंवा १४ चा पाना. खालचा काढला की कॅलिपर वर फिरवता येतो. पण पिना साफ करायच्यात म्हणून दोन्ही काढा. कॅलिपर ब्रेकच्या रबरी पाइपवर लटकवू नका. तारेने स्प्रिंगला बांधा. तार नसेल तर सुंभ चालेल.

आता चार गोष्टी बघा, याच क्रमाने.

पहिली, पॅड हाताने निघतात का. पॅडचे दोन्ही कान ब्रॅकेटच्या खाचेत बोटाच्या जोराने मागेपुढे सरकायला हवेत. हातोडी लागली तर चोर सापडला.

दुसरी, आतला आणि बाहेरचा पॅड, दोन्हींची जाडी मोजा. एकाच पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि कॅलिपर स्वतः पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना जाम असतील तर आतला एकटाच राबतो आणि लवकर झिजतो. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर परत सुटत नाही. पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, असा पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम किंवा पॅडचा एक कान अडकलेला.

तिसरी, पिना. ओढण्याआधी पान्याने गोल फिरवून बघा. फिरते पण ओढली जात नाही, तर गंज सुरुवातीचा आहे.

चौथी, पिस्टन आणि त्याचा रबरी बूट. बूट फाटलेला असेल तर आत खारं पाणी गेलंच.

ब्रॅकेटचं सांगायचं राहिलं, ते पुढच्या प्रतिसादात. जेवून येतो.

बिनहॉर्न
ऐन ब्रेकवर ब्रेक घेतला.

कातळसडा
वाचनखूण साठवली. रविवारी उघडतो.

पुळण
पाना जेवून येईपर्यंत एक. धूळ तोंडाने फुंकू नका, कंप्रेसरची हवाही मारू नका. जुन्या, स्वस्त पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. साबणाचं पाणी डिस्कला चालतं. रॉकेल चालत नाही, तेलकट थर राहतो.

पाना_नंबर_१४
ब्रॅकेट. ज्या खाचेत पॅडचे कान बसतात तिथे पातळ स्टीलच्या क्लिपा असतात. क्लिपेखाली ब्रॅकेटचं बीड उघडं असतं. खारी हवा, पावसाचं पाणी, तांबडी माती तिथे साचते आणि क्लिपेच्या खाली गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. मग तो क्लिपेला आतून वर उचलतो, खाच अर्धा-पाऊण मिमीने अरुंद होते आणि पॅडचा कान त्यात पाचरीसारखा बसतो. ब्रेक सोडला तरी पॅड मागे येत नाही, डिस्कला घासत राहतो, तापतो, त्याचं तोंड काचेसारखं गुळगुळीत होतं आणि किंचाळतो. नवीन पॅड घातले की पंधरा दिवस त्यांचं तोंड ताजं असतं म्हणून शांतता. तुमच्या ‘पंधरा दिवसां’चा हिशोब इथे लागतो.

उपाय: चारही क्लिपा काढा. खालची बैठक वायर ब्रशने आणि सपाट कानसीने घासून उघडी, चकचकीत करा. गंज काढायचाय, लोखंड नाही. कोपऱ्यातला गंज जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडा. स्वच्छ पुसून क्लिपेखाली ब्रेकचं उष्णता सोसणारं ग्रीस बोटाने नुसतं पुसल्यासारखं. वर नव्या क्लिपा. जुन्या उपटताना वाकतातच आणि ताण गमावलेली क्लिप स्वतःच आवाज करते. मग पॅड टाकून बघा, बोटाने सरकला पाहिजे. नव्या पॅडच्या कानावर रंगाचा जाड थर असेल तर फक्त तो रंग कानसीने काढा.

तांबडी धूळ
पिनांबद्दल भर घालतो.

पिन बाहेर आल्यावर पुसून उजेडात धरा. नुसतं काळं पडलेलं ग्रीस असेल तर साफ करून परत वापरा. खड्डे पडले असतील तर नवी पिन, दुसरा मार्ग नाही. काचपेपर मारून गुळगुळीत करायचा मोह होतो. पण पिनेवरचा मुलामा गेला की किनाऱ्यावर एका पावसाळ्यात ती पुन्हा जाम.

वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते. एकीच्या टोकाला रबराची बुशिंग किंवा सपाट कड असते. अदलाबदल केली तर खडखड सुरू. काढतानाच फोटो घ्या.

पिनेचं भोक चिंधी आणि सळीने किंवा बाटली धुवायच्या बारीक ब्रशने आतून साफ करा. ड्रिल घालू नका.

ग्रीस: खास ब्रेकच्या पिनांचं, सिलिकॉन किंवा सिंथेटिक. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस घातलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते, यावेळी गंजाविनाच. एका पिनेला तुरीच्या दाण्याएवढं, पातळ पसरून. जास्त भरलं तर भोकात हवा आणि ग्रीस कोंडतं, पिन ढकलली की परत बाहेर येते. पिन बसवल्यावर बूटची कड नखाने किंचित उचलून कोंडलेली हवा सोडा. मग पिन दोन बोटांनी आतबाहेर व्हायला हवी आणि सोडल्यावर जागेवर राहायला हवी.

शंकेखोर
पॅडच्या पाठीला कॉपर ग्रीस लावावं की नाही? दर धाग्यात याच्यावर भांडण होतं, म्हणून हळूच विचारतो.

तांबडी धूळ
लावावं. शिमच्या आणि पिस्टनच्या मध्ये पातळ थर.

खारा वारा
सिरॅमिक ग्रीस लावावं. कॉपर ग्रीसमध्ये तांब्याची पूड असते. तांबं, लोखंड आणि खारं पाणी एकत्र आलं की लोखंड आधी गंजतं. ग्रीस सुकून नुसती पूड राहिली की किनाऱ्यावर हे नको.

तांबडी धूळ
ग्रीस सुकेपर्यंत पॅड संपतात हो. आणि वर्षाला एकदा उघडून साफ करणाराला दोन्ही सारखीच.

खारा वारा
वर्षाला एकदा उघडणारे किती? इथे चार वर्षांनी पॅड संपल्यावरच चाक उघडतात.

पाना_नंबर_१४
दोघांचंही चालेल. पिनेवर, रबराजवळ मात्र कॉपर नको, तिथे सिलिकॉनच. आणि अस्तरावर, डिस्कवर काहीच नाही. हात ग्रीसचा असेल तर पॅड धरण्याआधी पुसा.

डोंगरउतार
पिस्टन मागे ढकलण्याची एक तपासणी इथेच करून घ्या, फुकटात निदान होतं.

आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पिस्टन मागे गेला की ऑइल वर येतं, टाकी काठोकाठ असेल तर सांडतं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, हे ऑइल पाण्यात विरघळतं.

ब्लीडर निपलला, म्हणजे कॅलिपरवरच्या ऑइल-हवा सोडायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा.

निपल बंद असताना पिस्टन हलत नाही आणि निपल उघडल्यावर सहज आत जातो: पिस्टन ठीक आहे, अडथळा पाइपात. जुन्या रबरी पाइपाचा आतला थर फुगतो. दाब जातो पण परत येत नाही, ब्रेक सुटत नाही. पाइप बदला, दोन्ही बाजूंचे.

निपल उघडूनही पिस्टन जड: कॅलिपरच्या आत गंज. पिस्टन काढून सील-किट घाला. पिस्टनवर खड्डे असतील तर पिस्टनही. ते चौकोनी छेदाचं सीलच ब्रेक सोडल्यावर पिस्टनला केसभर मागे ओढतं. ते कडक झालं की पिस्टन पुढेच राहतो.

निपल उघडं असताना पिस्टन बाहेर येऊ देऊ नका, हवा शिरेल. दाबून झालं की दाब असतानाच निपल बंद.

पुळण
ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? हे ऑइल हवेतली वाफ शोषतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. वर धागाकर्त्यांची डावी डिस्क सपाट रस्त्यावर १३८ दाखवते आहे. डिस्क आणि ऑइल एकाच तापमानाला नसतात हे मान्य, पण हीच गाडी अडकलेल्या ब्रेकसह कुंभार्ली घाट उतरली तर? ऑइल उकळलं की वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकतं.

किनाऱ्यावर दर दोन वर्षांनी बदला. डबा फोडल्यावर उरलेलं ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं ऑइल यात मिसळू नका. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

बिनहॉर्न
नावं ठेवणाऱ्याला आधी दंडवत. ५ चालत नाही, ५.१ चालतं.

डोंगरउतार
घाटाचा विषय निघालाच आहे तर: पॅडचं तोंड काचेसारखं व्हायचं दुसरं मोठं कारण म्हणजे उतारावर ब्रेकवर पाय ठेवून उतरणं. आंबा घाट असो की फोंडा, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. वेग वाढला की एकदा ठाम दाबा, वेग उतरवा, पाय पूर्ण काढा. हलका हलका सतत दाब म्हणजे पॅड भाजणं. आणि खाली उतरून पहिल्या टपरीवर लगेच थांबायचं असेल तर ब्रेक दाबून उभे राहू नका. तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर बसतो आणि पुढे पेडल थरथरतं.

शंकेखोर
काचेसारखे झालेले पॅड घासून वापरता येतात का? चार महिन्यांचे पॅड फेकायचे जिवावर येतं.

पाना_नंबर_१४
येतात, अस्तर ५ मिमीच्या वर असेल, तडा नसेल आणि तेल लागलेलं नसेल तर. ८० किंवा १०० नंबरचा काचपेपर सपाट काचेवर किंवा फरशीवर पसरा, ओला करा, पॅड त्यावर इंग्रजी आठच्या आकारात घासा. चकाकी जाऊन सगळीकडे सारखा मंद रंग आला की पुरे. कडांना तिरका उतार असेल तर तोही राखा. धारदार कड डिस्कला खाजवते आणि किंचाळी तिथूनच सुरू होते. पण अडकायचं कारण काढलं नाही तर पुन्हा काच होणार.

आतला आणि बाहेरचा यांच्यात २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर घासत बसू नका. नवे घ्या, आणि घ्यायचे तर दोन्ही चाकांचे चारही.

तांबडी धूळ
डिस्कबद्दल कोणी बोललंच नाही. काठावर आलेला गंजाचा कंगोरा पॅडला घासत असेल तर आवाज येतो. तो कानसीने काढता येतो. डिस्कवर किंवा तिच्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचा. मायक्रोमीटरने काठापासून १० मिमी आत, आठ ठिकाणी मोजा. साधा व्हर्निअर कंगोऱ्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो.

किमान जाडी शिल्लक असेल तर लेथवर दोन्ही बाजूंनी सारखी उतरवून घ्या.

खारा वारा
लेथचा सल्ला सरसकट नको. छोट्या गाडीची डिस्क नवी घेणं फार महाग नाही आणि लेथवर उतरवलेली पातळ डिस्क लवकर तापते. पेडल थरथरत नसेल, खोल चरे नसतील तर डिस्कला हात लावू नका. १२० च्या काचपेपरने दोन्ही तोंडं आडव्यातिडव्या हाताने घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा. धागाकर्त्यांनी लिहिलंच आहे की पेडल स्थिर आहे.

तांबडी धूळ
इथे तुमचं बरोबर. फक्त डिस्क काढलीच तर हबचं, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचं, तोंड वायर ब्रशने साफ करून मगच बसवा. हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क डगमगते. डायल लावून बघितली तर छोट्या गाडीला डगमग ०.१ मिमीच्या आत हवी.

भिरंड
आणि पुळणीर गाडी घालणाऱ्यांचा काय? सेल्फी काढूक जातत, मगे ब्रेक रडता म्हणान बोंबलतत.

पुळण
भिरंडशेठ आज मुद्द्याचं बोलले. कर्दे, मुरूड, गुहागर, जिथे जिथे गाड्या वाळूत उतरवतात तिथे वाळू कॅलिपरमध्ये जाते आणि खारं पाणी पिनेच्या बुटात. फेरीबोटीतून दाभोळ-धोपावे केलं आणि लाटेचे तुषार उडाले तरी तेच, कमी प्रमाणात. घरी आल्यावर डिस्क निवू द्या, मग चाकाच्या आतून गोड्या पाण्याने धुवा. तापलेल्या डिस्कवर गार पाणी नको. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्याने धुऊन उपयोग नाही. धुतल्यावर लगेच उभी करू नका. अर्धा किलोमीटर चालवून चार-पाच ब्रेक मारा म्हणजे डिस्क कोरडी होते.

आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर आणि चाकाला दगड.

कातळसडा
उघडलं. डावीकडचे आकडे: आतला पॅड ५ मिमी, बाहेरचा ८.५. उजवीकडे ८ आणि ८.५.

डावीकडे खालची पिन हाताने हलतच नव्हती. पान्याने फिरवून फिरवून निघाली, बूट फाटलेला, आत तांबडा चिखल आणि पिनेवर खड्डे. वरची ठीक. आतला पॅड हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून काढावा लागला. क्लिपेखाली पापुद्रेच पापुद्रे. पिस्टन निपल बंद ठेवूनही सी-क्लॅम्पने सहज आत गेला, म्हणजे पाइप आणि पिस्टन सुटले ना? ऑइल चहाच्या रंगाचं होतं.

पाना_नंबर_१४
सुटले. आतला पॅड झिजला, बाहेरचा जवळपास तसाच: पुस्तकी उदाहरण आहे. नवी पिन, दोन्ही बूट, क्लिपांचा संच, आणि फरक साडेतीन मिमीचा असल्यामुळे पॅडही नवे. ऑइल सगळं बदला. उजवीकडचंही ब्रॅकेट आत्ताच साफ करा, तिथे हाच गंज उमेदवारी करतोय.

बसवताना: पिन-बोल्ट छोट्या गाड्यांत साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर, चाकाचे नट ८० ते ९०. पक्का आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. लांब पाइप घालून पान्यावर उभं राहायचं नाही.

गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल रिकामं जातं. अंगणातून उताराला लागल्यावर हे आठवून उपयोग नाही.

डोंगरउतार
आणि पॅड ‘बसवून’ घ्या, नाहीतर महिन्याने याच धाग्यात परत याल. सड्यावरचा मोकळा, सरळ रस्ता, मागे कोणी नसताना. ५०-६० च्या वेगावरून मध्यम दाबाने १५-२० पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका. मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर न ब्रेक लावता चालवा. असं आठ ते दहा वेळा. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता चालवून निवू द्या. पॅडचं मटेरियल डिस्कवर सारखं पसरतं. पहिले २००-३०० किलोमीटर करकचून ब्रेक टाळा.

शंकेखोर
ऑइल बदलताना चाकांचा क्रम? मास्टर सिलिंडरपासून लांबचं आधी ना?

पुळण
सर्वसाधारणपणे हो. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून मागचं डावं आधी. ब्रेकचे पाइप तिरपे जोडलेले असतील तर क्रम वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. अर्धा लिटर आणलंत तर टाकी आधी उपसून नवं भरून सुरुवात करता येईल.

कातळसडा
दोन्ही बाजू झाल्या. पिन, बूट, क्लिपा, पॅड, ऑइल. सड्यावर दहा वेळा ब्रेक मारून आणले, गुरांनी विचित्र नजरेने बघितलं. पुन्हा ९ किलोमीटर: डावी ८१, उजवी ८३. किंचाळी गेली. सकाळचा खर्र आहे, तो राहू दे.

फक्त खड्ड्यातून जाताना उजवीकडून बारीक टिक-टिक येते. ब्रेकवर पाय ठेवला की थांबते.

तांबडी धूळ
उजवीकडची एक क्लिप उलटी बसली असणार. वरची आणि खालची सारखी दिसते पण नसते. स्प्रिंगची जीभ पॅडच्या कानाकडे हवी.

भिरंड
फोटो काढूक सांगलेलो ना!

कातळसडा
फोटो डावीकडचा काढला होता.